समुद्र चढतोय: किनाऱ्यावरच्या वस्तीने काय करावं आणि कोणत्या क्रमाने

पाऊस नाही, वारा नाही, आभाळ स्वच्छ. तरी उधाणाच्या सकाळी गटाराच्या जाळीतून पाणी वर येतं, रस्त्याच्या कडेने पसरतं आणि दोन तासांनी निघून जातं. मागे राहतो मिठाचा पांढरट पापुद्रा. बहुतेक वस्त्यांना चढत्या समुद्राची पहिली ओळख अशीच होते. लाट किनारा ओलांडून येते ती पुष्कळ नंतर. त्याआधी समुद्र गटारातून शिरतो, विहिरीच्या तळातून वर येतो, शेताच्या बांधाखालून पाझरतो. म्हणून समोर भिंत हवी की नको या वादात वर्षं घालवण्याआधी वस्तीने आपली मागची दारं तपासावीत, असं माझं ठाम मत आहे. पुढचा क्रम त्याच मताने लावला आहे.

आधी थोडे आकडे. १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर वाढली. वेगही वाढता आहे. १९०१ ते १९७१ दरम्यान तो वर्षाला सरासरी १.३ मिलिमीटर होता, २००६ ते २०१८ दरम्यान ३.७ मिलिमीटर झाला. तापलेलं पाणी फुगतं आणि जमिनीवरचा बर्फ वितळून समुद्राला मिळतो, ही त्याची मुख्य कारणं. आयपीसीसी या हवामानबदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार जगाने उत्सर्जन झपाट्याने खाली आणलं तर २१०० पर्यंतची वाढ २८ ते ५५ सेंटिमीटर असेल आणि ते वाढतच राहिलं तर ६३ ते १०१ सेंटिमीटर. हे आकडे १९९५ ते २०१४ च्या सरासरीवर मोजलेले आहेत.

हातभर वाढ ऐकायला किरकोळ वाटते. पण उधाण आणि वादळ या वाढलेल्या पातळीवर स्वार होऊन येतात. पूर्वी शंभर वर्षांत एखाद्या वेळी गाठली जाणारी पातळी २१०० पर्यंत जगातल्या निम्म्याहून अधिक भरतीमापन केंद्रांवर दरवर्षी किमान एकदा गाठली जाईल, असं तोच अहवाल सांगतो.

पहिलं काम: खांब रोवा आणि वही घाला

लाटांचा मारा नसलेली जागा शोधा. खाडीचं तोंड, धक्क्याची आतली बाजू किंवा बांधाजवळचा ओहोळ चालेल. तिथे कुजणार नाही असा खांब पक्का रोवा आणि त्यावर दर पाच सेंटिमीटरला ठळक रेघ मारा. नुसत्या रेघांना मात्र अर्थ नाही. खांब उद्या वाकला किंवा वाहून गेला, तर नवा नेमका त्याच उंचीवर बसवता आला पाहिजे. त्यासाठी जवळचा न हलणारा आधार निवडा, म्हणजे कातळ किंवा जुन्या दगडी इमारतीचं जोतं, आणि त्यावर छिन्नीने खूण कोरा.

ती खूण खांबापर्यंत आणायला गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी पुरते. नळीत पाणी भरा आणि बोटाने टिचक्या मारत एकही बुडबुडा आत उरणार नाही याची खात्री करा. एकाने एक टोक दगडावरच्या खुणेशी धरायचं, दुसऱ्याने दुसरं टोक खांबाशी. दगडाशी उभ्या असलेल्याने नळी वरखाली करत पाणी खुणेवर आणायचं. पाणी हलायचं थांबेपर्यंत दोघांनी थांबायचं आणि मग खांबावर रेघ मारायची. हेच दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. दोन रेघांमध्ये बोटभर फरक पडला, तर नळीत हवा राहिली होती असं समजा आणि तिसऱ्यांदा मोजा. या कामात घाई केली, तर पुढची सगळी वही वाया जाते.

वहीत दर उधाणाला तारीख, वेळ, पाण्याची सर्वांत वरची रेघ, वारा आणि पाऊस लिहा. सर्वांत मोठी भरती बहुतेक ठिकाणी अमावास्या-पौर्णिमेच्या दिवशीच न येता त्यानंतर एकदोन दिवसांनी येते, हे लक्षात ठेवा. मार्च आणि सप्टेंबरच्या आसपासची उधाणं अनेक किनाऱ्यांवर वर्षातली सर्वांत मोठी असतात. तेव्हा खडू घेऊन वस्तीत फिरा आणि जिथे पाणी टेकलं तिथे भिंतीवर, खांबावर, पायरीवर रेघ मारा. फोटो दरवेळी एकाच जागेवरून काढा.

या वहीतून चारपाच वर्षांत समुद्र किती मिलिमीटर चढला हे कळणार नाही. वारा, पाऊस आणि चंद्राच्या कक्षेचं साडेअठरा वर्षांहून थोडं मोठं चक्र यांमुळे पातळी तेवढ्या काळात बरीच वरखाली होत असते. वही दुसरं काहीतरी सांगते: खांबावर पाणी कितव्या रेघेला आलं की कोणाच्या अंगणात येतं, कोणता रस्ता बंद होतो, कोणती विहीर बुडते. पुढचा प्रत्येक निर्णय याच माहितीवर उभा राहणार आहे.

जमीन खचते का, हेही याच टप्प्यात विचारून घ्या. टोकियोच्या सखल भागात भूजलाच्या बेसुमार उपशामुळे विसाव्या शतकात काही ठिकाणी जमीन चार मीटरहून अधिक खचली. १९६० आणि ७० च्या दशकांत उपशावर निर्बंध आले आणि खचणं जवळपास थांबलं. समुद्र चढणं एका गावाच्या हातात नाही, पण पायाखालची जमीन उपशाने बसत असेल, तर ते बरंचसं आपल्या हातात आहे.

दुसरं काम: तीन रेघांचा नकाशा

मोठ्या कागदावर वस्ती काढा आणि त्यावर तीन रेघा ओढा: आजच्या सर्वांत मोठ्या उधाणाची, तिच्याहून ३० सेंटिमीटर वरची आणि त्याच पहिल्या रेघेहून एक मीटर वरची. उंची मोजायला तीच नळी वापरा किंवा तालुक्याच्या सर्वेक्षकाची मदत घ्या. मग प्रत्येक रेघेच्या आत काय येतं ते लिहा. विहिरी, शौचालयांच्या टाक्या, विजेचा ट्रान्सफॉर्मर, दवाखाना, शाळा, स्मशान, इंधनाचा साठा, बाहेर जायचा एकमेव रस्ता, सगळं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची आणि चालता न येणाऱ्यांची घरंही नकाशावर हवीत. भाड्याने राहणारे आणि ज्यांच्या नावावर जमीन नाही अशी कुटुंबं नकाशातून हमखास सुटतात. त्यांची नावं आधी लिहा.

तिसरं काम: मागची दारं बंद करा

पावसाचं पाणी समुद्रात सोडणाऱ्या प्रत्येक नळाच्या तोंडाशी ओहोटीला जाऊन उभं राहा. तोंड भरतीच्या पातळीखाली असेल आणि त्यावर झडप नसेल, तर समुद्र तिथूनच आत येतो. एका दिशेने उघडणारी बिजागरीची झडप आतलं पाणी बाहेर सोडते आणि बाहेरचं आत येऊ देत नाही. शेताच्या बांधातली उघाडी हेच काम करते. पण झडपेत एक काटकी किंवा प्लास्टिकची पिशवी अडकली, तरी ती निकामी होते. म्हणून दर उधाणाच्या आदल्या दिवशी ती साफ करणारं एक नेमकं माणूस ठरलेलं असावं आणि वहीत त्याची सही असावी. भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले, तर बंद झडपेमागे पाणी साचणारच. त्यासाठी आतल्या बाजूला तळं किंवा मोकळी सखल जागा राखून ठेवा. अशा जागेवर बांधकाम होऊ न देणं हे भिंत बांधण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

आता विहिरी. किनाऱ्याच्या वाळूत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं आहे. दोन्ही पाण्यांच्या वजनातल्या फरकाचा हिशेब असा: समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची उंची १ मीटर असेल, तर तिच्याखाली सुमारे ४० मीटर गोडं पाणी असतं. हाच हिशेब उलटाही चालतो. उपशाने वरची पातळी कायमची १० सेंटिमीटर खाली गेली, तर खालचं खारं पाणी सावकाश चार मीटर वर सरकतं. मोठा पंप लावून एका जागी खोलवर उपसा केला की त्या जागेखाली खाऱ्या पाण्याचा सुळका वर चढतो आणि पाणी आधी मचूळ, मग खारं होतं. ते पुन्हा गोडं व्हायला कित्येक पावसाळे जातात.

म्हणून एका खोल बोअरऐवजी अनेक उथळ विहिरी ठेवा आणि प्रत्येकीतून थोडंथोडंच पाणी घ्या. प्रशांत महासागरातल्या किरिबाटी देशाच्या तारावा बेटावर याच विचाराने जमिनीत आडव्या झिरपनळ्या घालून पाण्याचा वरचा पातळ थर तेवढा गोळा करतात. छपरांवरचं पावसाचं पाणी टाक्यांमध्ये साठवा. विहिरीचा काठ उंच करा आणि तिला झाकण बसवा. क्षार मोजायचं खिशात मावणारं विद्युतवाहकता मीटर घ्या आणि दर महिन्याला त्याच विहिरीचा आकडा त्याच वहीत टिपा. जिभेला खारेपणा जाणवतो तेव्हा उशीर झालेला असतो. आकडा मात्र महिनोन्‌महिने आधी चढायला लागतो.

विहिरीत समुद्राचं पाणी शिरलं, तर ती जोरात उपसून साफ करायचा मोह प्रत्येकाला होतो. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेच्या किनाऱ्यावर असंच झालं. विहिरी पुन्हा पुन्हा उपसल्या गेल्या आणि त्या उपशाने खालचं खारं पाणी आणखी वर ओढलं जाण्याचा धोका वाढला. वरची घाण आणि गाळ हलक्या हाताने काढा, पिण्याच्या पाण्याची सोय बाहेरून करा आणि विहिरीला पावसाची वाट पाहू द्या.

भूजल वर आलं की शौचालयांचे शोषखड्डेही काम करेनासे होतात, त्यांतली घाण विहिरीकडे सरकते. सखल भागात खड्ड्यांऐवजी जमिनीच्या वर चौथऱ्यावर बसवलेल्या बंद टाक्या वापरा. लोकांना या विषयावर बोलायला संकोच वाटतो, पण पुरानंतरचे आजार इथूनच सुरू होतात.

शेतात खारं पाणी शिरलं, तर ओहोटीला उघाडी उघडून ते लवकरात लवकर बाहेर काढा. पहिल्या पावसाचं पाणी शेतात अडवून पुन्हा सोडून द्या, म्हणजे मीठ धुऊन जाईल. घाईने पेरू नका. खार सहन करणारे भाताचे वाण उपलब्ध आहेत. बांगलादेशात २००७ मध्ये आलेलं ब्री धान ४७ हे त्यातलं एक. पण कोणतंही वाण समुद्राच्या पाण्यात वाढत नाही.

चौथं काम: समोरचा किनारा

किनाऱ्याचं पहिलं संरक्षण म्हणजे त्याची स्वतःची वाळू. वाळूउपसा थांबवा. वाळूच्या टेकाडांवरचं गवत आणि वेली तुडवल्या जाणार नाहीत अशा ठरावीक पायवाटा आखा. टेकाड सपाट करून समुद्राचं दर्शन मोकळं करण्याचा आग्रह धरणाऱ्याला स्पष्ट नकार द्या.

चिखलाच्या किनाऱ्यावर हे काम कांदळवन करतं. शंभर मीटर रुंदीचा पट्टा लाटांची उंची १३ ते ६६ टक्क्यांनी कमी करतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. वादळाने चढलेल्या पाण्याच्या लोंढ्यावर मात्र त्याचा परिणाम बराच कमी, एक किलोमीटर रुंदीमागे ५ ते ५० सेंटिमीटर. त्यामुळे दोन ओळी झाडं लावून गाव वादळातून वाचेल, असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. रोजच्या लाटा आणि धूप यांसाठी मात्र कांदळवनाइतका स्वस्त रखवालदार दुसरा नाही.

लागवड कुठे चुकते? ओहोटीला उघडा पडणारा मोकळा चिखल रिकामा दिसतो, म्हणून तिथे हजारो रोपं टोचली जातात, फोटो निघतात आणि वर्षभरात रोपं मरतात. कांदळाची झाडं साधारणपणे भरती-ओहोटीच्या पट्ट्याच्या वरच्या अर्ध्या भागात तगतात. त्याखाली ती फार वेळ बुडून राहतात आणि गुदमरतात. म्हणून आधी हे शोधा की झाडं मुळात गेली का. बांध घातल्याने भरतीचं पाणी येणं थांबलं असेल, तर बांधाला तोंड करा आणि जुने ओहोळ मोकळे करा. बिया भरतीबरोबर आपोआप येतात. स्वतः उगवलेली झाडं रोपवाटिकेतल्यांपेक्षा पुष्कळदा जास्त टिकतात.

इंडोनेशियात जावा बेटावरच्या देमाक जिल्ह्यात गाळच वाहून गेला होता. तिथे बांबूच्या दोन रांगांमध्ये काटक्या भरून पाणी आरपार जाऊ देणारे बंधारे उभारले. लाट त्यातून जाताना मंदावते आणि आतल्या शांत पाण्यात गाळ बसतो. गाळाची पातळी पुरेशी वर आली की रोपं आपोआप रुजतात. बांबू कुजतो, काटक्या वाहून जातात, त्यामुळे दरवर्षी दुरुस्ती लागते. ती करणारे हात आणि त्यांची मजुरी आधी ठरवून मगच असं काम हाती घ्या. देमाकने आणखी एक गोष्ट दाखवली: भूजल उपशाने जमीनच खचत राहिली, तर साठलेला गाळही पुरत नाही. विहिरींचं काम किनाऱ्याच्या कामाआधी ठेवलं, त्याचं एक कारण हेही आहे.

आता भिंत. काही जागी ती लागते. दवाखाना, बंदर किंवा दाट वस्ती अगदी काठावर असेल आणि मागे सरकायला जागा नसेल, तर दुसरा इलाज नसतो. पण उभ्या भिंतीवर आपटलेली लाट परतताना पायथ्याची वाळू खरवडून नेते. पुळण अरुंद होत जाते आणि शेवटी पायाच उघडा पडतो. भिंत जिथे संपते तिथून पुढे धूप वाढते, म्हणजे आपला त्रास शेजारच्या वस्तीच्या पदरात पडतो. भिंतीचा प्रस्ताव आला की चार प्रश्न विचारा. पाया किती खोल आहे? मागे साचलेलं पावसाचं पाणी कुठून जाणार? दोन्ही टोकांना काय होणार? आणि वीस वर्षांनी दुरुस्तीचा खर्च कोण देणार? लेखी उत्तरं मिळेपर्यंत सही करू नका.

नेदरलँड्समध्ये १९५३ च्या पुरात १,८३६ माणसं गेली. त्यानंतर त्या देशाने जगातल्या सर्वांत मोठ्या बंधारे-व्यवस्थांपैकी एक उभी केली. त्याच देशाने २०११ मध्ये किनाऱ्यालगत २ कोटी १५ लाख घनमीटर वाळू एका जागी ओतली आणि ती पसरवायचं काम वारा-लाटांवर सोपवलं. भिंतींत सर्वांत मुरलेले लोकही वाळूकडे वळले, यातून मी बरंच शिकलो.

पाचवं काम: घर आणि वादळाचा दिवस

नवं घर बांधताना जोतं एक मीटरच्या रेघेच्या वर घ्या. जुन्या घरात विजेचे बोर्ड, धान्य, औषधं आणि कागदपत्रं वर न्या. वाळूच्या पोत्यांबद्दल एक बारकावा: पोतं अर्ध्याहून थोडं जास्त भरा, तोंड दुमडून खाली दाबा आणि विटांसारखे सांधे मोडत रचा. गच्च भरलेली पोती एकमेकांवर बसत नाहीत आणि मधून पाणी येतं.

इशारा देणाऱ्या यंत्रणेला दुसरा पर्याय नाही. १९७० च्या भोला चक्रीवादळात तीन ते पाच लाख माणसं मेली. त्यानंतर बांगलादेशात स्वयंसेवकांची फळी उभी राहिली, निवारे बांधले गेले. २०२० च्या अम्फान वादळाआधी तिथे वीस लाखांहून अधिक लोकांना हलवलं गेलं आणि त्या देशातले मृत्यू काही डझनांवर राहिले. हे काम करणारे स्वयंसेवक त्याच गावातले असतात, भोंगा आणि झेंडे घेऊन दारोदार जातात. आता त्यांत निम्म्याच्या आसपास बायका आहेत आणि त्याने फार फरक पडतो. गुरांना वाचवायची सोय आणि बायकांसाठी वेगळी, सुरक्षित जागा नसेल, तर निवारा कितीही भक्कम असो, माणसं घर सोडत नाहीत.

सहावं काम: उंबरठे आधी ठरवा

समुद्र किती आणि किती वेगाने चढेल हे आज कोणी नेमकं सांगू शकत नाही. म्हणून २०५० साली हे करू, असं न ठरवता, पाणी या रेघेला आलं की हे करू, असं ठरवा. लंडनच्या टेम्स नदीमुखासाठी २०१२ मध्ये केलेली शंभर वर्षांची योजना अशीच आहे. ठरावीक गोष्टी सतत मोजायच्या आणि आकडे जसे बदलतील तसा पुढचा मार्ग निवडायचा.

तुमच्या वहीतून उंबरठे असे निघतात. मुख्य रस्ता वर्षात पाचदा बुडाला, की तो उंच करायचं काम सुरू. पिण्याच्या विहिरीचा क्षारांचा आकडा सलग तीन महिने ठरलेल्या मर्यादेवर राहिला, की तिचा उपसा बंद आणि टाकीचं पाणी चालू. खांबावरची अमुक रेघ वर्षात वीसदा ओलांडली गेली, की पहिल्या रांगेतल्या घरांसाठी मागची जागा ताब्यात घ्यायची. प्रत्येक कामाला लागणारा वेळ उलटा मोजून उंबरठा तेवढा खाली ठेवा. रस्ता व्हायला चार वर्षं लागणार असतील, तर तो बुडायला लागल्यावर ठराव करून उपयोग नाही. हे सगळं सभेत, सर्वांसमोर, संकट नसताना ठरवा. पाणी दारात असताना शांत डोक्याने वाटाघाटी होत नाहीत.

सातवं काम: हलायची वेळ आली तर

वेल्समधल्या फेअरबोर्न गावाचं संरक्षण २०५४ च्या सुमारास थांबेल, असं २०१४ च्या आसपास लोकांना कळलं. कुठे जायचं, भरपाई कोण देणार, याचं उत्तर सोबत नव्हतं. घरांच्या किमती कोसळल्या आणि पाणी यायच्या कितीतरी आधी माणसं अडकली. त्यामुळे स्थलांतर हा शब्द उच्चारायच्या आधी जागा, पैसा आणि मुदत हातात असावी.

फिजीतलं वुनिदोगोलोआ गाव २०१४ मध्ये सुमारे दोन किलोमीटर आत हललं. जायचं हे गावानेच ठरवलं होतं आणि नवी जागा त्यांच्याच परंपरागत जमिनीत होती. पनामातल्या गार्दी सुगदुब बेटावरची गुना या आदिवासी समाजाची सुमारे ३०० कुटुंबं जून २०२४ मध्ये मुख्य भूमीवरच्या नव्या वस्तीत गेली. तिथेही विचार लोकांनीच २०१० च्या सुमारास सुरू केला होता, म्हणजे प्रत्यक्ष हलायला जवळपास चौदा वर्षं लागली. ओडिशातल्या सातभायाची पाचशेहून अधिक कुटुंबं बागपतियाला वसवली गेली. तिथे घराला जागा मिळाली, पण कसायला जमीन नव्हती, आणि बरेच पुरुष मजुरीसाठी दूर गेले.

म्हणून करारात छपराच्या आधी पोटाचं लिहून घ्या: शेतजमीन, होड्या लावायची जागा, किनाऱ्यावर जायचा कायमचा हक्काचा रस्ता, जाळी सुकवायचं मैदान. शाळा आणि दवाखाना माणसं जाण्याआधी सुरू झालेले असावेत. एका आळीतले लोक नव्या जागीही शेजारीच राहतील अशी घरं वाटा.

आणि जुनी जागा तशीच टाकून येऊ नका. काही वर्षांत समुद्र तिथे येणार आहे. शौचालयाच्या टाक्या उपसून भरून टाका, विहिरी बुजवा, डिझेलची पिंपं, पत्रे, विटांचा ढिगारा आणि तारा उचलून न्या. पूर्वजांच्या थडग्यांचं किंवा समाध्यांचं काय करायचं ते निघण्याआधी घरोघरी विचारून ठरवा. शेवटी बांधाला दोनतीन ठिकाणी तोंडं करा, म्हणजे भरतीचं पाणी आत येईल आणि जुन्या अंगणांत गाळ धरून कांदळ उगवायला लागतील. खांब मात्र काढू नका. मागे राहिलेल्या होड्यांना आणि नव्या वस्तीला त्याच्या रेघा लागणार आहेत. दर उधाणाला कोणीतरी तिथे जाऊन आकडा लिहून आणायचा आहे.